नागपूरच्या उन्हाळ्यात घरच्या घरी ब्लॅक अँड व्हाइट रोल धुताना

मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी संध्याकाळी सातलाही अंगावर घेववत नाही. थर्मामीटर बुडवला तर ३८, कधी ३९. मी घरी धुतलेला पहिला रोल याच पाण्यानं घालवला. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवरचं चित्र उमटवणारं द्रावण, बर्फानं २० अंशांवर आणला होता, वेळ सेकंदाबरहुकूम पाळली होती आणि शेवटी फिल्म सरळ नळाखाली धरली. इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्र धरणारा थर, शेवटी जिलेटिनच, गरम पाण्यात ते मऊ पडलं. पाणी निथळावं म्हणून मी दोन बोटांत धरून फिल्म ओढली, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा उठला. नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्याचे फोटो होते ते. पुढच्या वर्षी तो वाडा पाडला.

म्हणून या लेखात मी सगळ्यात जास्त पाण्याबद्दल बोलणार आहे. फिल्म धुण्याचं तंत्र अवघड नाही, ज्याला वरण-भाताचा कुकर लावता येतो त्याला ते जमतं. पण पुस्तकं आणि पाकिटं लिहिणारे लोक थंड हवेच्या देशातले. त्यांना २० अंश सहज साधतात. आपण त्या आकड्याचा हट्ट सोडायचा, २४ अंश धरायचे आणि पहिल्या थेंबापासून शेवटच्या खळबळण्यापर्यंत सगळं पाणी त्याच तापमानाचं ठेवायचं.

फोटो काढताना

पहिला रोल ४०० स्पीडचा घ्या, स्पीड म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा. इलफोर्ड एचपी ५ प्लस, कोडॅक ट्राय-एक्स किंवा त्यांच्याहून स्वस्त केंटमिअर ४००, तिन्ही चालतील. एक्स्पोजरमध्ये थोडी चूक झाली तरी या फिल्म सांभाळून घेतात. एकदा फिल्म ठरली की निदान पाच-सहा रोल तीच वापरा. दर वेळी नवी फिल्म आणि नवा डेव्हलपर घेतला तर बिघडलं काय नि सुधारलं काय, ते कळतच नाही.

कॅमेरा हातानं सेटिंग करता येणारा कुठलाही चालेल. कपाटातून जुना काढला असेल तर मागच्या झाकणाच्या खाचेतला काळा फोम बोटानं तपासा. आपल्याकडच्या गरमीत तो डांबरासारखा चिकट होतो आणि मग तिथून उजेड शिरतो. रोल घालण्याआधी तो बदलून घ्या. रोल भरलेला कॅमेरा गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. न वापरलेले रोल फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही, मात्र बाहेर काढल्यावर डबी लगेच उघडू नका, तास-दोन तास तशीच राहू द्या. पावसाळ्यात हा नियम मोडला तर फिल्मवर दव धरतं.

लख्ख उन्हात उजेड मोजणाऱ्या मीटरशिवायही भागतं. अ‍ॅपर्चर १६ वर आणि शटर फिल्मच्या स्पीडइतकं, म्हणजे ४०० च्या फिल्मला १/५००. मोकळ्या सावलीत तीन स्टॉप उघडा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), ५.६ वर या. अडचण या दोन्हींच्या मधे आहे. इतवारीच्या गल्लीत दुपारी एकला अर्धा रस्ता उन्हात भाजत असतो आणि दुकानाच्या ओट्यावर बसलेल्या माणसाचा चेहरा काळोखात असतो. मीटर रस्त्याचा आकडा देतं, चेहरा जातो. फिल्मवर सावलीत जे उमटलंच नाही, ते नंतर कुठल्याही उपायानं आणता येत नाही. उलट उजेडाचा भाग जास्त झाला तर धुताना वेळ कमी करून तो आवरता येतो. म्हणून मार्च ते जून मी ४०० ची फिल्म २०० समजून वापरते आणि धुताना वेळ पंधरा-वीस टक्क्यांनी कापते. नागपूरच्या उन्हाला हे चांगलं मानवतं.

दीक्षाभूमीचा पांढरा घुमट फ्रेमभर घेतला की मीटर फसतं, त्याला सगळं जग करड्या रंगाचं वाटतं आणि घुमट मळकट येतो. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी मारबत, म्हणजे मिरवणुकीतला मोठा काळा पुतळा, समोर आली की नेमकं उलटं होतं, काळा रंग राखाडी होतो आणि मागचं आकाश जळून जातं. दोन्हींवर उपाय एकच. आपला तळहात त्याच उजेडात धरा, मीटर तळहातावर लावा आणि आलेल्या आकड्यापेक्षा एक स्टॉप जास्त उजेड द्या. तळहात करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, म्हणून. मिरवणुकीत पिवळी मारबत आली, काळी आली, तरी सेटिंग हलवायला नको. उजेड बदलला तरच हलवा.

आता संत्र्याचं. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे ढीग बघून कॅमेरा बाहेर काढला नाही असा माणूस विरळा. पण डोळ्यांना जो नारंगी आणि हिरवा इतका वेगळा दिसतो, तो ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर जवळजवळ एकच करडा होतो. पानातलं फळ ओळखू येत नाही. लेन्सवर नारंगी फिल्टर लावला की संत्री उजळतात, पानं गडद होतात आणि आकाशही खाली उतरतं. नारंगी फिल्टर सुमारे दोन स्टॉप उजेड खातो, पिवळा एक. कॅमेऱ्यातलं मीटर लेन्समधूनच वाचत असेल तर तो हिशोब तेच करतं, तळहाताचं मीटर वेगळं असेल तर आपण करायचा.

रोल संपला की गुंडाळताना कान देऊन ऐका. शेवटी फिल्म सुटल्याचा हलका आवाज येतो, तिथंच थांबा. फिल्मची जीभ, म्हणजे तिचं सुरुवातीचं टोक, डबीबाहेर राहिली तर पुढचं काम निम्मं सोपं होतं.

काय काय लागेल

डेव्हलपिंग टँक आणि त्याचं रीळ, हे विकतच घ्यावं लागतं. प्लास्टिकचा पॅटरसन टँक शिकायला सोपा, ३५ मिमीच्या एका रोलला त्यात २९० मिली द्रावण पुरतं. थर्मामीटर प्रयोगशाळेचा, शून्य ते पन्नास अंशांचा. तापाचा थर्मामीटर ३५ च्या खाली वाचतच नाही. मोजपात्रं, रसायनांच्या तीन आणि धुण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या, एक मोठा टब, कात्री, कपड्यांचे चिमटे, रबरी हातमोजे. स्वयंपाकघरातलं एकही भांडं यात आणू नका, आणलं तर ते परत स्वयंपाकघरात जाता कामा नये.

आणि एक माठ. हो, तो यंत्रसामग्रीतच मोजायचा. कोरड्या उन्हाळ्यात बाहेर ४४ असताना सावलीत, वाऱ्याच्या झुळकीत ठेवलेल्या माठातलं पाणी माझ्याकडे २५-२६ वर येतं. तिथून २४ वर यायला मूठभर बर्फ पुरतो. टाकीतल्या ३८ च्या पाण्याला २० वर आणायचं म्हटलं तर फ्रिजमधले सगळे ट्रे रिकामे होतात आणि अर्ध्या तासात ते पुन्हा चढतं. मी आधी पिण्याच्या माठाकडेच वळले होते. आई म्हणाली, "पिण्याच्या माठाले हात नको लावू बाई, तुझा तू दुसरा आण." बरोबरच होतं तिचं. माझा माठ आता न्हाणीघराच्या खिडकीत असतो, त्याला ओलं पोतं गुंडाळलेलं.

डेव्हलपरमध्ये इलफोर्डचा आयडी-११ किंवा कोडॅकचा डी-७६ घ्या, दोघे जवळपास एकच. डी-७६ चं सूत्र १९२० च्या दशकापासून उघड आहे आणि घरीही बनवता येतं. ७५० मिली पाणी ५० अंशांच्या आसपास गरम करायचं, त्यात चिमूटभर सोडियम सल्फाइट, मग २ ग्रॅम मेटॉल. ते पूर्ण विरघळलं की उरलेलं सल्फाइट, एकूण १०० ग्रॅम, निर्जल प्रतीचं. मग ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन, शेवटी २ ग्रॅम बोरॅक्स आणि पाणी घालून एक लिटर. क्रम बदलू नका. जास्त सल्फाइटमध्ये मेटॉल नीट विरघळत नाही, आणि सल्फाइट अजिबात नसेल तर ते हवेनं खराब होतं. मेटॉलनं काहींच्या त्वचेला कायमची अ‍ॅलर्जी होते, तेव्हा हातमोजे आणि तोंडाला फडकं विसरू नका. द्रावण रात्रभर निवू द्या, काठोकाठ भरलेल्या गडद बाटलीत ठेवा. अर्धी रिकामी बाटली लवकर मरते, उन्हाळ्यात तर फारच लवकर.

डेव्हलपरचं काम थांबवणाऱ्या स्टॉप द्रावणासाठी किराणा दुकानातला पांढरा व्हिनेगर, एक भाग व्हिनेगरला दोन भाग पाणी. फिक्सर, म्हणजे चित्र पक्कं करून फिल्म उजेडात न्यायजोगी करणारं द्रावण, तयार रॅपिड घ्या, एकास चार पाणी. त्याऐवजी हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे स्वस्त पडतात, लिटरला २५० ते ३०० ग्रॅम, पण त्याला वेळ दुप्पट लागतो. हायपो विरघळताना एकदा हात लावून बघाच. खडे पाण्यात पडले की काचेचं भांडं बाहेरून गार होत जातं, पावसाळी दिवशी तर त्यावर थेंब धरतात. विरघळायला लागणारी उष्णता तो पाण्यातूनच ओढून घेतो. म्हणून हायपो गरम पाण्यातच कालवतात.

अंधारातली दहा मिनिटं

सिनेमात दिसतो तो लाल दिवा प्रिंटच्या कागदासाठी असतो. ही फिल्म सगळे रंग बघते, लालही. तिला पूर्ण काळोखच हवा.

हात घालून फिल्म भरायची काळी चेंजिंग बॅग मिळते, पण मे महिन्यात पाच मिनिटांत तिच्यात हाताला घाम फुटतो आणि फिल्म रिळाला चिकटते. मी रात्री साडेदहानंतर न्हाणीघरात बसते. गीझरचा लाल ठिपका चिकटपट्टीनं झाकलेला, मोबाइल आणि घड्याळ बाहेर, दाराच्या फटीला गोधडी. दिवा बंद करून पाच मिनिटं नुसती बसते. आधी काहीच दिसत नाही, मग डोळे सरावतात आणि उजेड कुठून येतोय ते कळू लागतं. स्वतःचा हात दिसला तर उठून फट बुजवायची आणि पुन्हा पाच मिनिटं.

फिल्मची जीभ आधीच उजेडात कापून सरळ करा आणि कोपरे किंचित गोल. ते टोक रिळाच्या खाचेत आतल्या गोळ्यांपलीकडे सरकवायचं कामही उजेडातच होतं, तेवढी फिल्म तशीही जळालेली असते. मग दिवा बंद. रिळाच्या दोन्ही बाजू आळीपाळीनं पुढंमागं फिरवत जा. फिल्म नीट जात असेल तर एकसारखी बारीक करकर ऐकू येते. ती थांबली आणि हाताला फिल्मचा फुगवटा लागला की जोर करू नका. जोर केला की फिल्मला चुण्या पडतात आणि नेगेटिव्हवर चंद्रकोरी उमटतात. वीतभर मागं ओढा आणि पुन्हा सुरू करा. तरीही जमेना तर सगळं टँकमध्ये टाकून झाकण लावा, दिवा लावा, हात पुसा, पंख्याखाली बसा. फिल्मला घाई नसते. शेवटी कात्रीनं डबीची दांडी कापून वेगळी करायची, रीळ मधल्या पोकळ दांड्यावर चढवायचं, टँकमध्ये ठेवून झाकण फिरवायचं. तो दांडा विसरलात तर झाकणातून उजेड थेट आत जातो.

जुलै-ऑगस्टमध्ये रीळ दमट होतं. आदल्या दिवशी ते पंख्यासमोर ठेवा. हवेतला दमटपणा बोटांना कळत नाही, पण रिळाला कळतो. पावसाळ्यात सरावासाठी एक वाया गेलेली फिल्म जवळ असू द्या, उजेडात, मग डोळे मिटून, मग अंधारात.

धुणं

टबमध्ये माठाचं पाणी घ्या, आठ-दहा लिटर. बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सोडा, म्हणजे नको तेव्हा काढता येतो. डेव्हलपर, स्टॉप, फिक्सर, धुण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या आणि बंद टँक, सगळं त्या टबात अर्धा तास उभं करा. तापमान प्रत्येक बाटलीत मोजा, फक्त टबात नाही.

डेव्हलपर एकास एक पाण्यात घ्या. याचं आपल्याकडे खास कारण आहे. एचपी ५ प्लसला आयडी-११ नुसता वापरला तर २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात, २४ ला ती जेमतेम पाचवर येतात. पाच मिनिटांच्या खाली फिल्म ठिगळाठिगळांनी डेव्हलप होण्याचा धोका असतो. एकास एकला २० अंशांना १३ मिनिटं आहेत. २२ ला साधारण पावणेअकरा, २४ ला ९, २६ ला सव्वासात. म्हणजे पावसाळ्यात माठही २६ च्या खाली उतरेना तरी काम अडत नाही. उन्हाळ्यातला रोल २०० वर काढला असेल तर २४ ला साडेसात मिनिटांपासून सुरुवात करा. फिल्म किंवा डेव्हलपर दुसरा असेल तर २० अंशांचा मूळ आकडा त्या जोडीचा घ्या आणि २४ साठी त्याला ०.७ नं गुणा.

आधी एक मिनिट नुसतं २४ अंशांचं पाणी टँकमध्ये घाला. पुष्कळ लोक हे गरजेचं मानत नाहीत, मी मानते, कारण तापलेल्या खोलीत टँक आणि रीळ आतून कोमट राहिलेले असतात. ओतून देताना पाणी रंगीत निघालं तर दचकू नका, फिल्मच्या पाठीचा रंग तो. मग डेव्हलपर भरभर ओता, घड्याळ सुरू करा. पहिल्या दहा सेकंदांत टँक चार वेळा उलटा-सुलटा, मग तळ ओट्यावर दोनदा आपटायचा, बुडबुडे सुटण्यासाठी. पुढं दर मिनिटाच्या सुरुवातीला पुन्हा चार वेळा. मधल्या वेळात टँक हातात धरून बसू नका, टबात ठेवा. तळहात ३० च्या वरचा असतो, तो टँकला तापवतो. उलटापालट कमी-जास्त झाली तर कॉन्ट्रास्ट बदलतो, म्हणून दर रोलला ती सारखीच ठेवा, तुमची पद्धत कुठलीही असो. वेळ संपायच्या दहा-पंधरा सेकंद आधी ओतायला लागा.

स्टॉप अर्धा मिनिट. फिक्सर पाच मिनिटं, त्यातही दर मिनिटाला हलवायचं. जिभेचा कापलेला तुकडा फेकून न देता तो आधीच फिक्सरच्या वाटीत टाकून बघा. दुधी तुकडा पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागेल त्याच्या किमान दुप्पट फिक्सिंग. ताज्या द्रावणापेक्षा दुप्पट वेळ लागू लागला की फिक्सर संपला. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते, तो झाडांना किंवा नालीत ओतू नका. मी तो डब्यात साठवते, त्यात स्टील वूल टाकून ठेवते. लोखंड विरघळतं आणि चांदी गाळासारखी खाली बसते.

मग जिथं मी चुकले ते काम. वाहत्या नळाची गरज नाही. टँकमध्ये २४ अंशांचं पाणी भरा, पाच वेळा उलटवा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा भरा, वीस वेळा. ही इलफोर्डची पद्धत आहे. एका रोलला लिटरभर पाण्यात भागतं, नळ एक दिवसाआड येतो अशा वस्तीतही हे जमतं. मी शेवटी पाच मिनिटं आणखी एक पाणी ठेवते.

शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड पाण्यात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचा कॅन मिळतो, तोच. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग एकदा सुकले की निघता निघत नाहीत. त्यात वेटिंग एजंटचे, म्हणजे पाणी डाग न पाडता निथळवणाऱ्या द्रवाचे, दोन-चार थेंब, पॅटरसनच्या रिळावर फेस येईल इतके नको. फिल्म बाहेर काढा, टांगा, खाली एक चिमटा वजनाला. बोट लावू नका. थेंब आपोआप उतरतात.

टांगण्याआधी न्हाणीघराच्या भिंतींवर आणि फरशीवर बादलीभर पाणी मारा, म्हणजे धूळ बसते. आणि घरातला कूलर बंद करा, शेजारच्या खोलीतलासुद्धा. ताट्यांमधले बारीक तंतू त्या वाऱ्यानं येऊन ओल्या जिलेटिनवर बसतात आणि तिथंच वाळतात. दोन तास उकाडा सोसायचा. उन्हाळ्यात फिल्म त्याच्याही आधी वाळते, श्रावणात रात्रभर लागते.

नेगेटिव्ह वाचणं

खिडकीसमोर धरा आणि फोटोंच्या आधी कडा बघा. कडेचे आकडे आणि फिल्मचं नाव कारखान्यातच छापलेलं असतं, तुमच्या कॅमेऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही. अक्षरं ठसठशीत आणि फोटो फिके, तर एक्स्पोजर कमी पडलं. अक्षरंही फिकी, तर डेव्हलपर जुना झाला, थंड होता किंवा वेळ कमी पडला. अक्षरं आहेत पण एकही फोटो नाही, तर फिल्म कॅमेऱ्यात पुढं सरकलीच नव्हती. अक्षरंही नाहीत, तर फिक्सर आधी ओतला गेला, बाटल्यांना मोठ्या अक्षरांत नावं लावा. सगळं दुधी दिसलं तर घाबरू नका, फिक्सिंग अपुरं राहिलंय. फिल्म पुन्हा फिक्सरमध्ये टाका, उजेडातही चालतं, आणि पुन्हा धुवा.

सहा-सहा फ्रेमचे तुकडे करून पाकिटात घाला. पावसाळ्यात जिलेटिनला बुरशी लागते, म्हणून घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. पाकिटावर तारीख, फिल्म, वेळ आणि पाण्याचं तापमान लिहा. माझ्या एका पाकिटावर लिहिलंय, "१९ मे, माठ २५, बर्फ दोन ट्रे, २४ अंश, ७ मि. ३० से." त्यात फुटाळा तलावाच्या काठावर कणसं भाजणारी बाई आहे, दुपारच्या उन्हात, आणि पदराच्या सावलीतले तिचे दोन्ही डोळे स्पष्ट दिसतात.